वाड्याची शीम

गोव्यात अनोळखी माणूस भेटला की आपण त्याला आधी नाव विचारत नाही. "तुमी खंयचे?" असे विचारतो. तो तालुका सांगतो, मग गाव सांगतो. ते गाव आपल्या ओळखीचे निघाले तर पुढचा प्रश्न ठरलेला, "खंयच्या वाड्यार?" वाडा कळला की मग फारसे विचारावे लागत नाही. कोणाच्या घराजवळचा, कोणत्या देवळाचा की इगर्जीचा, आपल्या कोणाचा सोयरा निघतो का, हे सगळे त्या एका नावातून बाहेर पडते.

पण त्याच माणसाला विचारून पहा, तुमचा वाडा संपतो कुठे? तो थोडा थांबेल. मग म्हणेल, त्या जुन्या आंब्याकडे, किंवा खुरसापर्यंत, किंवा अमक्याच्या भाटापर्यंत. शेजारच्याला विचारा, तो दुसरेच झाड दाखवील. गंमत अशी की दोघांत यावरून भांडण होत नाही. वाड्याच्या सीमेला कोकणीत आपण 'शीम' म्हणतो. ही शीम सगळ्यांना ठाऊक असते, पण ती कोणी आखलेली नसते. मग ती ठरते कशी आणि शतकानुशतके टिकते कशी, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे.

आपल्या तालुक्यांची नावेच पहा. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या आणि सासष्टी म्हणजे सहासष्ट वस्त्या. बारदेशातला 'बारा'ही असाच मोजणीचा मानतात. सारस्वतांनी इथे येऊन केलेल्या वस्त्यांची ही संख्या, असे परंपरा सांगते. परंपरेतला इतिहास किती आणि कथा किती हा वाद बाजूला ठेवू. पण मांडवी आणि जुवारीसारख्या नद्या, डोंगर आणि समुद्र एवढे सगळे जवळ असूनही या लोकांनी मुलखाला नाव दिले ते वस्त्या मोजून. मुलूख म्हणजे माणसांची वस्ती, अशी समजूत या नावांत आहे.

राजसत्तेची सीमा मात्र वेगळी होती. जुन्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या किंवा शेताच्या चारही दिशा लिहिलेल्या असतात. पूर्वेला ओहोळ, दक्षिणेला वडाचे झाड, पश्चिमेला दुसऱ्या गावची वाट, अशा धर्तीवर. या चतु:सीमेला 'आघाट' म्हणत. आणि हे आघाट कोणी मोडू नये म्हणून दगडावर गधेगाळ कोरत. शिलाहार-यादवांच्या काळातले असे दगड कोकणात ठिकठिकाणी आहेत, गोव्यातही सापडले आहेत. वर चंद्रसूर्य आणि खाली गाढवाची ती शिवी. लिहिलेली सीमा राखायला एवढा कडक शाप लागत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१५१० साली पोर्तुगीज तिसवाडीत आले. सोळा वर्षांनी, १५२६ साली, आफोंस मेशिया या अधिकाऱ्याने इथल्या गावकारीचे रीतिरिवाज लिहून काढले. तोच प्रसिद्ध 'फोराल'. गावची जमीन गावकारांच्या मंडळाची, शेते पावणीला लावायची, बांध सांभाळायचे, गावच्या सेवेकऱ्यांना वाटा द्यायचा, हे सगळे त्यात येते. गावागावांतला मानपानही येतो. भाताची कापणी सर्वांत आधी ताळगावच्या गावकारांनी सुरू करायची, हा मान त्यात नोंदलेला आहे. पुढे गावकारीची 'कोमुनिदाद' झाली. तिच्यावर १८५२ साली फिलिप नेरी शाव्हियेर यांनी मोठा ग्रंथ लिहिला, मग १९०४ साली तिची संहिता झाली.

या सगळ्या कागदांत मालक आहे तो गाव आणि वाटा आहे तो वांगडांचा, म्हणजे गावकारांच्या मूळ कुळांचा. वाड्याच्या नावावर शेत नाही, बांध नाही, दप्तर नाही. कागदोपत्री वाडा जवळजवळ नाहीच. आणि तरीही गावातल्या माणसाचे रोजचे जगणे वाड्यातच चालले. जे कागदावर नव्हते ते माणसांना करूनच टिकवावे लागले.

नावांवरून थोडे कळते. कळंगुटचे वाडे घ्या: पोर्बावाडो, नायकावाडो, सावतावाडो, आगरवाडो, गौरावाडो, कोब्रावाडो, तिवायवाडो. पोर्बा म्हणजे प्रभू, नायक आणि सावंत उघड आहेत, आगर म्हणजे मिठागर. शेजारच्या कांदोळीत एस्क्रिव्हांव वाडो आहे. एस्क्रिव्हांव म्हणजे लिखाणकाम करणारा, आपल्या भाषेत कुळकर्णी. एका कारकुनाच्या नावाने अख्खा वाडा ओळखला जातो, हे वाचून माझ्यासारख्या कारकुनाला बरे वाटते! पणजीचे भाटले हे भाटावरून. ही नावे वाड्याच्या मधोमध काय होते, कोण राहत होते, ते सांगतात. वाडा कुठे संपतो हे त्यांतले एकही नाव सांगत नाही. वाड्याला मध्य असतो, आणि त्या मध्यापासून ओढ जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत वाडा.

सरकारने मधे पडून वाड्याची सीमा आखायचे ठरवले तर काय होते, याची एक गोष्ट दिवाडी बेटावर दरवर्षी साजरी होते. ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारी पिएदाद गावात बोंदेराम असतो. पोर्तुगीज भाषेत झेंड्याला 'बांदेयर' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. असे सांगतात की इथल्या दोन वाड्यांत सीमेवरून सारखी भांडणे होत, ती मारामारीपर्यंत जात. शेवटी पोर्तुगीज सत्तेने हद्दीवर झेंडे रोवले. लोकांनी ते झेंडे दगड मारून पाडले. त्याची आठवण म्हणून आता प्रत्येक वाडा आपापला झेंडा घेऊन मिरवणुकीत येतो, आणि बांबूच्या नळीतून, म्हणजे फोताशीतून, रानफळे मारून लुटुपुटूची लढाई होते.

आज तिकडे पर्यटकांची गर्दी असते आणि बहुतेकांना तो रंगांचा आणि संगीताचा कार्यक्रम वाटतो. मला त्यातली उलथापालथ महत्त्वाची वाटते. हद्द दाखवायला सत्तेने आणलेली वस्तू लोकांनी आधी पाडली आणि मग तीच उचलून आपली केली. आता झेंडा जमिनीत रोवलेला नाही. तो माणसांच्या हातात आहे, आणि तो धरून चालणारी माणसे म्हणजे वाडा. भांडण मिटले की नाही ते दिवाडकर जाणोत, पण भांडायची पद्धत त्यांनी सणात बसवली एवढे खरे.

दिवाडीची गोष्ट ठळक आहे. इतर गावांत हेच काम जास्त शांतपणे चालते, आणि ते मांडावर चालते. पौषातल्या चांदण्या रात्री बायका धालो खेळतात तो मांड. शिगम्यात मेळ जिथे जमतो, नमन घालून देवतांना हाक मारतो, आणि जिथून ढोलताशांनिशी निघतो तोही मांड. ही जागा कुठल्यातरी घरासमोरची असते, एरवी तिथे भात वाळत असेल नाही तर कोंबड्या फिरत असतील. पण त्या दिवसांत चप्पल घालून तिथे कोणी जात नाही. अमुक घरची बाई कुठल्या मांडावर धालो खेळायला जाते, यावरून तिचे घर कुठल्या वाड्यात ते ठरते. दुसऱ्या मांडाचे अंगण तिच्या दारापासून जवळ असले तरी ती तिकडे जात नाही. इथे टेप घेऊन अंतर मोजण्यात अर्थ नाही.

शिगम्याचा मेळ घरोघर जातो तेव्हा तर वाड्याची हद्द पायांनीच आखली जाते. मेळ ज्या अंगणात शिरला, तळी म्हणून आशीर्वाद दिला, ते घर आतले. जिथून वळला ते घर शेवटचे. चांदरच्या कोट वाड्यात ख्रिस्ती समाज इंत्रुजाच्या दिवसांत मुसळांचा खेळ करतो, तोही असाच घरोघर जातो. धर्म बदलून चार-पाचशे वर्षे झाली, पण घर मोजण्याची रीत बदललेली नाही.

ख्रिस्ती वाड्यांत मांडाची जागा बऱ्याच ठिकाणी खुरसाने घेतली. वर्षातून एकदा खुरीस रंगवायचा, फुलांनी सजवायचा, सगळ्यांनी जमून लादीन म्हणायचे, नंतर उकडलेले चणे वाटायचे. लादीन संपल्यावर चण्याची पुडी कोणाच्या घरी पाठवली जाते ते पहा, म्हणजे वाड्याची यादी तयार. जूनच्या २४ तारखेला सांजांव. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून पोरे विहिरीत उड्या टाकतात. कुठल्या विहिरीत? आपल्या वाड्याच्या.

राखणदाराचे तर विचारूच नका. तो रात्री हातात दांडा घेऊन शीम फिरतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याला रोट, केळी, विडी, कुठे सोरो. बऱ्याच गावांत हिंदूही त्याला मानतात आणि ख्रिस्तीही. माझा त्यावर विश्वास आहे का, हा भाग वेगळा. पण एक पहा, राजाची सीमा राखायला दगडावर कोरलेली शिवी लागली. वाड्याची सीमा राखायला एक म्हातारा पहारेकरी पुरला, आणि त्याचा पगार वर्षाला एक रोट.

शीम हा शब्द आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या लग्नातही येतो. लग्नसोहळा आटोपला की निरोप घेण्याआधी सोयऱ्यांना गावच्या सीमेपर्यंत सोडायला जातात. तिथे जमिनीवर सोऱ्याची रेघ ओततात. एका बाजूला नवऱ्याकडची माणसे, दुसऱ्या बाजूला नवरीकडची. दोन्हीकडचे वडीलधारे चार शब्द बोलतात, पेला फिरतो, आणि पाहुणे आपल्या वाटेला लागतात. ती रेघ तासाभरात सुकून जाते. सीमा आखण्याची याहून शहाणी रीत मला तरी ठाऊक नाही. रेघ हवीच, कारण इथून पुढे मुलगी त्या घरची. पण ती ओलांडू नये म्हणून आखलेली नसते. निरोप घ्यायला दोघांना उभे राहता यावे म्हणून असते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, वाडा म्हणजे सगळा गोडवाच. तसे नाही. वाड्याचे नाव कळले की बाकी काही विचारावे लागत नाही असे मी सुरुवातीला म्हटले, त्यात जातही आली. ब्राह्मणवाडा, कुंभारवाडा, गावडेवाडा, आणि गावाच्या टोकाला, बहुतेक वेळा सखल किंवा खडकाळ जागी, महारवाडा. मांडाने जसे आतले ठरवले तसे बाहेरचेही ठरवले. ढोल वाजवायला बोलवायचे पण मांडावर चढू द्यायचे नाही, विहीर वेगळी, वाट वेगळी, हे आपल्याच गावांत चालले आणि काही ठिकाणी त्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. धालोच्या मांडावर विधवेला जागा नव्हती. ख्रिस्ती गावांतही चर्चच्या सणात पुढे कोण चालणार यावरून जातींचे वाद झाले. ज्या घराला राहती जागा भाटकाराच्या मर्जीवर होती त्या मुंडकाराला तर वाडा आपला म्हणतानाही भाटकाराचे तोंड पहावे लागे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून हुसकता येणार नाही अशी सोय केली, तेव्हा कुठे त्याच्या पायाखालची जमीन थोडी घट्ट झाली. तेव्हा जुनी शीम जशीच्या तशी हवी असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

मुक्तीनंतर जमिनीची मोजणी झाली. १९६८ च्या महसूल संहितेखाली प्रत्येक तुकड्याला सर्वे नंबर मिळाला, आणि 'एक-चौदा'चा उतारा आपल्या आयुष्यात आला. हा उतारा हातात घेऊन नीट वाचा. तालुका आहे, गाव आहे, सर्वे नंबर आहे, उपविभाग आहे. शेताच्या नावालाही रकाना आहे, आणि तो ज्याने ठेवला त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण अनेक भाटांची आणि शेतांची जुनी नावे त्या एका रकान्यामुळे वाचली. वाड्याला मात्र रकाना नाही. फोरालात नव्हता, इथेही नाही.

मग १९९४ चा पंचायत राज कायदा आला. लोकसंख्येप्रमाणे पंचायतीचे ५, ७, ९ किंवा ११ प्रभाग पडतात. प्रभागात मतदारांची संख्या साधारण सारखी असावी लागते, आणि ते योग्यच आहे. पण वाडे काही सारख्या आकाराचे नसतात. मोठा वाडा दोन प्रभागांत कापला जातो, दोन लहान वाडे एकत्र बांधले जातात. निवडणुकीआधी फेररचना झाली की कोणाच्या सोयीसाठी कुठली घरे इकडची तिकडे गेली, याची चर्चा महिनाभर तिठ्यावर चालते. कामाच्या निमित्ताने असे अर्ज माझ्या हाताखालून बरेच गेले. पत्त्यात लोक आधी वाडा लिहितात, प्रभाग क्रमांक शेजाऱ्याला विचारून घालतात. एका आजींनी तर प्रभागाच्या जागी आपल्या मांडाचे नाव सांगितले होते. नियमाप्रमाणे ते उत्तर चूक होते, पण टपालवाल्याला घर सापडायला तेच उपयोगी पडले असते.

नकाशा आणि माणूस यांतले अंतर पुढे एकदा जवळून पाहिले. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक उठले आणि तो रद्द झाला. पुढच्या आराखड्याच्या मसुद्याचे नकाशे सूचनांसाठी पंचायतींकडे आले. अशा एका बैठकीत मी बसलो होतो. नकाशावरच्या रंगांच्या पट्ट्यांकडे कोणी पाहिले नाही. लोकांनी आधी तळे शोधले, मग देऊळ, मग कपेल, आणि तिथून बोट सरकवत स्वतःचे घर गाठले. सीमा त्यांनी सर्वांत शेवटी पाहिली.

शहरातही हे चालते. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली. २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि २०२१ ची निवडणूक ३० प्रभागांत झाली. तीस वाड्यांच्या तालुक्यातल्या शहराचे तीस प्रभाग, हा निव्वळ योगायोग. पर्यटक आल्तिनोच्या पायथ्याच्या सगळ्या रंगीत गल्ल्यांना सरसकट फोंताइन्हास म्हणतो. तिथल्या माणसाला तसे म्हणून पहा! सां तोमे वेगळे, पोर्ताइश वेगळे, मळा वेगळा. सां सेबास्तियांवचे कपेल आपले मानणारे एक, आणि फेब्रुवारीत मारुतीच्या जत्रेला घरी पाहुणे बोलावणारे दुसरे. एका हाकेच्या अंतरावर दोन शेजार, आणि दोन्हींना आपली कड पक्की माहीत. वाडा खेड्यातच असतो हा गैरसमज यासाठीच सोडायला हवा.

आणि वाडा प्रवासही करतो. मुंबईला धोबी तलाव आणि गिरगाव भागात गोयकारांच्या 'कुडी' होत्या, त्यांतल्या काही आजही आहेत. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी आपल्या गावच्या कुडीत उतरायचा, भिंतीशी आपली पेटी ठेवायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोजार म्हणायचा. शेकडो किलोमीटरवर जमिनीचा एक तुकडाही नसताना गाव उभे राहत होते. कारण वेदी होती, प्रार्थनेची वेळ ठरलेली होती, आणि आजारी पडलेल्याला पाहायला माणूस होता.

हे सगळे आज आठवायचे कारण म्हणजे वाडे आता वेगळ्याच रीतीने कमी होत आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले ६२ टक्के लोक शहरी भागात मोजले गेले. भाटे विकली गेली, तिथे कॉलनी आणि इमारती उभ्या राहिल्या, फाटकावर कसलेतरी परदेशी नाव लागले. त्या फाटकाला, कुंपणाला आणि पहारेकऱ्याला कड आहे, ती अगदी सरळ आणि पक्की आहे. फक्त मध्य नाही. मांड नाही, खुरीस नाही, विहीर नाही. रात्री कोणाच्या घरी दुखणे आले तर कोणाला हाक मारायची, याचे उत्तर त्या कुंपणात मिळत नाही. आणि गंमत म्हणजे फाटकाबाहेरचा जुना वाडाही हळूहळू पत्त्यावरून जातो. कुरिअरवाल्याला सोपे पडावे म्हणून आपणच कॉलनीचे नाव लिहू लागतो.

बाहेरून आलेल्यांना दोष देऊन आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. मांडाची गोष्ट आठवा. वाडा जर जमिनीने ठरत असता तर नवीन माणसाला त्यात जागा नसती, कारण जमीन वाढत नाही. पण वाडा येण्याजाण्याने ठरतो, आणि हे येणेजाणे कोणासाठीही सुरू करता येते. मेळाने नव्या इमारतीच्या अंगणात एकदा शिरावे, तळी म्हणावी. लादीनीनंतर चण्याची एक पुडी वरच्या मजल्यावर पाठवावी. ज्यांना आपणच पिढ्यानपिढ्या मांडाखाली उभे केले त्यांना आधी वर बोलवावे, हे तर पाहुण्यांच्याही आधी. शीम तेवढी पुढे सरकेल, आणि मोजणीदाराला काही कळणारही नाही.

कागदाचे म्हणाल तर तिथेही थोडे हातात आहे. पत्त्यात घर क्रमांकानंतर वाड्याचे नाव लिहा, मग प्रभाग, मग गाव. रकाना नसला तरी पत्त्याच्या ओळीत जागा असते. तुमच्या भाटाचे जुने नाव एक-चौदावर बरोबर लिहिलेय का ते एकदा पहा, चुकले असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत तरी उतरवून ठेवा. आणि तुमच्या वाड्याची शीम कुठपर्यंत, हे घरात दोघांना वेगवेगळे विचारा. उत्तरे जुळली नाहीत तर घाबरू नका. कोणत्या मांडावर जायचे हे दोघांना ठाऊक असले म्हणजे वाडा अजून आहे.